सात नंबर

लोथार स्टुलावर बसून विजेरी धरतो.
उजेड त्याच्या हाताबरोबर थरथरत
बटाट्यांच्या फळ्यांवर जातो,
आलुबुखाराच्या बरण्यांवर, मग कधीतरी
मला हवा तिथं.

"जरा खाली," मी म्हणते.
टेबलाखाली उताणी पडलेय, अडुसष्टाव्या वर्षी,
दातांत वायर, छातीवर मीटर.
एरफुर्टच्या ट्राम डेपोत सहाशे व्होल्टशी
माझा चाळीस वर्षं घरोबा होता.
हे बारा व्होल्ट
दुपारपासून दाद देत नाहीत.

वर टर्नटेबल, जेवणाच्या ताटाएवढं,
माझ्या भावानं हातानं घडवलेलं.
इंजिन चढतं, पूल फिरतो,
एक नंबर, दोन, तीन, शहाण्यासारखं शेडमध्ये शिरतं.
सातला आलं की मरतं.
लाल दिवा. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो.

"सात बंदच असतो."
"कधीपासून?"
"पहिल्यापासून."

पूल अर्धा फिरला
की डावा रूळ उजवा होतो, अधिकाचं उणं.
म्हणून खाली तांब्याचं कडं, दोन जागी कापलेलं.
ब्रश फटीवरून सरकला की वीज
गुपचूप बाजू बदलते,
आमच्याकडे नव्वद साली पुष्कळांनी बदलली तशी.
फट कुठं ठेवायची, एवढीच काय ती अक्कल लागते:
जिथं एकही रूळ येत नाही तिथं.

वायरी सगळ्या तपकिरी.
त्या वर्षी दुकानात तपकिरीच मिळायची.
मी चिठ्ठ्या बांधत जाते. मीटर बोलतो,
टीं, टीं,
आणि एका सांध्याशी गप्प बसतो.
कथील नुसतं टेकलंय, धरलेलं नाही.
तो सांधा तापवते. राळेचा धूर.
तरी सात मेलेलाच.

बाहेर येते, गुडघे कुरकुरतात,
आणि पहिल्यांदाच वरून नीट बघते.
सात नंबरवर गवत.
चिमट्यानं एकेक पातं चिकटवलेलं,
गंजाचा रंग दिलेली एक वाघीण,
तिच्या सावलीत तांदळाएवढं मांजर.
किती रात्री गेल्या असतील.

फट बरोबर याच्याखाली आहे.

"तुला ठाऊक होतं."
लोथार विजेरी बंद करतो.
अंधारात बोलणं त्याला नेहमीच सोपं गेलंय.
"कडं सरकवायचं तर सगळं उचकटावं लागलं असतं.
गवत पटकन लागतं."

मी काही बोलत नाही. पुन्हा टेबलाखाली.
दोन स्क्रू ढिले, कडं बारा अंश भिंतीकडे,
दोन स्क्रू घट्ट.

गवत उपटायला चिमटा उचलला
तर तो मनगट धरतो. हात हलतोय, पकड नाही.
"मांजर मी काढतो."
तीनदा चुकतो. चौथ्यांदा उचलून
शेडच्या छपरावर ठेवतो, धुराड्याला टेकवून.

इंजिन पुलावर. सात नंबर.
दिवा लाल होत नाही.
चार बोटं पुढं जातं, आणि थांबतं.

वाकून बघते. शॉर्ट नाही.
रुळांवर नुसता डिंक, पस्तीस वर्षांचा.

"उद्या येताना स्पिरिट आण," लोथार म्हणतो,
"आणि जुना बनियन."