समुद्र उजव्या हाताला

रविवार पेठेत रद्दीच्या काट्यावर चढलेलं पुस्तक
मी वजनातून काढून घेतलं, बारा रुपयांना.
वेंगुर्ल्यापासून कारवारपर्यंत, किनाऱ्यानं, पायी.
वर मेणकापडाचं कव्हर, शिवणीत कुठंतरी वाळू,
पान उलटलं की अजून करकरते.

आत नाव : इनास डिसोजा, कॅम्प, बेळगाव.
समासात त्याची पेन्सिल, त्याच्या घरच्या बोलीत :
‘हांगा उदक गोड.’
‘सुणीं आसात, दांडो घेवचो.’
एका पानावर नुसतं, ‘अरे देवा.’

छापलेला नियम एकच, ठळक :
दक्षिणेकडे चालताना समुद्र उजव्या हाताला ठेवा,
चुकणार नाही.

मी खानापुरात कौलांच्या कारखान्यात हजेरी लिहिते.
वर्षाला रजा आठ. पाच आईच्या दवाखान्यात गेल्या.
म्हणून इथूनच सुरुवात केली,
पहाटे साडेपाचला, लोंढ्याकडं जाणाऱ्या रुळांच्या कडेनं,
समुद्र उजव्या हाताला ठेवून.
ऐंशी किलोमीटर उजवीकडं,
पण उजवीकडंच.

पुस्तक म्हणतं, ओल्या वाळूवरून चाला, कोरडी पाय खाते.
मी खडी सोडून बाजूची तांबडी वाट धरते.
पुस्तक म्हणतं, भरती असेल तर थांबा, बसा, काही खा,
पाणी आपल्या वेळेनं वाट मोकळी करतं.
फाटक बंद. मालगाडी. मी बसते,
डब्यातली भाकरी मोडते, डबे मोजत नाही.
फाटकवाला बसलिंग खिडकीतून विचारतो,
‘एल्लिगे?’
‘समुद्र,’ मी म्हणते.
शब्द त्याच्याही भाषेत तोच.
तो बस स्टँडकडं बोट दाखवतो.

परतताना रेणुक्का दारात :
‘साखर झालीय काय गं तुला? डाक्टरनी चालायला सांगितलंय?’
व्हय म्हणते. तेवढ्यात भागतं.

एकसष्टाव्या पानावर तेरेखोलची तर.
तिथं इनासनं लिहिलंय, ‘फाल्यां.’
म्हणजे उद्या.
त्यापुढचे समास कोरे.

एकदा कॅम्पात जाऊन विचारून आले.
बेकरीवाला म्हणाला, इनास? तो कुवेतला गेला की.
सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, छे, गुडघा गेला त्याचा.
चर्चच्या फाटकाशी एक बाई बराच वेळ पुस्तकाकडं बघत राहिली,
मग म्हणाली, अक्षर त्याचंच आहे,
आणि पुस्तक मला परत दिलं.

परवाच्या रविवारी कणकुंबीला उतरले.
मलप्रभा निघते तिथं, कुंडाजवळ,
एकजण म्हशी धूत होता. पुस्तक बघून हसला.
‘इथं नकाशा कशाला गा बाई?
या अंगाचं पाणी खाली देशाकडं,
त्या अंगाचं गोव्याकडं.
मधल्या दगडावर मी शेंगा वाळवतो.’

मी त्या दगडावर उभी राहिले, तोंड दक्षिणेला.
उजव्या हाताचं पाणी इनासच्या समुद्राला जाणार.
डाव्या हाताचं फार लांब, दुसऱ्याच समुद्राला,
ज्याचं पुस्तक माझ्याकडं नाही.
म्हशीनं शेपटी झटकली, एकसष्टावं पान भिजलं.
नियमात याची सोय नव्हती.
मी जरा वेळ तशीच उभी होते,
दोन्ही हात कुठं ठेवावेत ते न कळून.

मग पान फुंकून वाळवलं
आणि ‘फाल्यां’च्या खाली, माझ्या अक्षरात :
कणकुंबी. पाणी गोड. कुत्री नाहीत, म्हशी आहेत.
तरीची वेळ छापील आहे, जुनी.
जाऊन विचारून घ्यायची.

पेन्सिल आखूड झालीय. नवी घेतली.
रजा तीन.