अर्धा टक्का

बिलाच्या तळाशी एक ओळ वाढली:
वाहतूक उपकर, अर्धा टक्का.
छापील बिलबुकं दोनशे पडून होती, टाकवेनात,
म्हणून जेल रोडवरून शिक्का करून आणला.
कापणाऱ्यानं 'वा' जरा तिरका कापला,
तेव्हापासून माझा कर डावीकडे झुकलेला.

पाटीवर अजून 'रघुवीर कासार आणि मंडळी'.
मंडळीत आता मी एकटीच.
बर्तन बाजारात मीच तोलते, मीच वाजवून दाखवते,
आणि दिवसातून चाळीस वेळा सांगते
की ही ओळ माझ्या गल्ल्यात पडत नाही.

खासगीवाले काका लोटा घ्यायला आले.
दोनशे चाळीसचा लोटा, वर एक रुपया वीस.
"मी राजवाड्यापलीकडे जात नाही," म्हणाले,
"पीथमपूरच्या बसचे पैसे मी का भरू?"
मी लोटा उलटा केला. म्हटलं,
"ह्याचं बूड ज्यानं दाबलं तो देवासहून येतो, काका,
पहाटे मॅजिकच्या पायरीवर एक पाय ठेवून."
"मग त्याचं येणंजाणं लोट्याच्या किमतीत नाही धरलेलं?"
ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
त्यांनी पैसे दिले, पण दोनदा मोजून.

संतू डावर पीथमपूरहून आला, बहिणीच्या लग्नासाठी.
पाच लिटरचा कुकर, तेराशे चाळीस.
दोन गाड्या बदलून, जाता-येता एकशे वीस खर्चून
तो आला आणि सहा रुपये सत्तर पैसे
न कुरकुरता देऊन गेला.
शिक्क्यावर फक्त बोट ठेवलं होतं त्यानं:
"आणि बस कधी?"
"काम सुरू आहे," मी म्हटलं.
तीन वर्षं हेच म्हणत होते.
ह्या तीन शब्दांवर कर नसतो.

रात्री शटर ओढताना डोक्यात यायचं:
अर्धा टक्का सगळ्यांना सारखाच म्हणतात.
पण ज्याचा कुकर मोठा
त्याचं कुटुंब मोठं असतं,
पगार नव्हे.

मग एका मार्चमध्ये ती आली.
दुकान बंद ठेवून गंगवालवरून बसले,
खिडकीशी, तिकीट काढून, कुणीच नसल्यासारखी.
राऊच्या थांब्यावर नवा खांब दिसला.
मनात हिशोब केला: हा माझ्या अकराशे कढयांचा.
पत्र्याचं छप्पर एका कोपऱ्यात आत्ताच वाकलेलं.
तो कोपरा बहुधा परातींचा असावा,
परातींत मी नेहमीच मार खाल्लाय.
पुढच्या सीटवरची मुलगी
कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून झोपली होती,
उभी नव्हती, झोपली होती.
तिचं डोकं काचेवर आपटायचं
तेव्हा मला वाटे, काच तरी माझ्या पैशांची नसावी.

पीथमपूरला उतरले.
थांब्याच्या बरोब्बर समोर भांड्यांचं नवं दुकान,
फुलांच्या माळा अजून सुकल्या नव्हत्या.
तोच कुकर. बाराशे नव्वद.
आत गर्दी. सगळे चेहरे
थोडे थोडे माझ्या ओळखीचे.

आता संतू कशाला येईल दोन तास घालवून?
यायचं नव्हतं म्हणूनच तर त्यानं पैसे भरले होते.
आणि मीही भरून घेतले होते,
शिक्का मारून, नीट, पैसा न् पैसा.

मी एक पळी घेतली, वीस रुपयांची.
काउंटरवरच्या पोरानं मशीनमधून बिल काढलं.
खाली तीच ओळ, सरळ छापलेली,
'वा' एकदम ताठ.
"दहा पैसे राहू द्या, मावशी," तो म्हणाला,
"सुटे कुठे असतात आता?"

"राहू कसे देऊ?" मी म्हटलं. "मांडून ठेव.
मी परत येईन."