मूळ गाव

पंचायतीत कारकुनानं विचारलं, मयताचं मूळ गाव?
थोरले दीर म्हणाले हेरे, माझा नवरा म्हणाला पारगड.
मी गप्प. मला एवढंच ठाऊक,
तिलारीचा घाट ठकूआत्या अनवाणी उतरली,
पाठीला लेक, पुढे चार म्हशी,
आणि मयेत दारोदार फिरली
‘दूद जाय?’ एवढीच कोकणी घेऊन.

सोसायटीच्या यंत्रात फॅट लागायचा तो लागो,
ती नखावर थेंब घेऊन आधीच सांगायची.
एस्पेरान्सबायच्या भांड्यात मापावर एक धार जास्त:
‘हिच्या पडवीत माझी म्हस व्याली.’
तीस वर्षं तेच कारण.

मागे सोडलेली गावं
तिनं गोठ्यात दावणीला बांधली होती.
कोदाळी लाथाळ. हेरे दुधाला बरी.
पारगड म्हातारी, भाकड,
पण विकू दिली नाही.

तेराव्याला एस्पेरान्सबाय आली,
हातात आमचीच बाटली, धुऊन पुसून.
जेवली नाही. गोठ्यात गेली
आणि तिथूनच ओरडली,
हिचं नाव काय ठेवलं?

मंगळवारची पारडी. आत्याच्या मागून जन्मलेली.
कुणाला काही सुचेना.
मी म्हटलं, मये.

पारडीनं कान हलवला, माशी असेल.
कारकुनाचा रकाना अजून कोरा आहे.