हेल्दूरच्या घरावरून

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
पार्नूच्या बंदरातले बर्फ मोजणारे खांब
आपापले आकडे पाठवतात
आणि हेल्दूरची स्क्रिप्ट उठते.
सतरा वर्षं. एकदाही उशीर नाही.

उठते ती आधी त्याच्या घरी जाते.
पहिल्याच ओळीत आहे:
तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ, हेल्दूर,
दगडात कोरल्यासारखा पत्ता.
तिथून फावडं घ्यावं तशी एक फाइल घेते
आणि कामाला लागते.

हेल्दूर ऑक्टोबरात गेला.
वरून आलेलं पत्र दोन ओळींचं:
सोमवारी त्याचं खातं बंद होईल.
आज शुक्रवार. विर्वे एकटी थांबली आहे,
बाहेर बर्फ ढकलणारी गाडी
एकाच गल्लीत पुन्हा पुन्हा.

पत्ता काढायचा, तिथे चल ठेवायचा.
आपल्या भाषेत तोच शब्द:
जो बदलतो तो चल,
आणि दारात उभं राहून कुणाला हाक मारतो तेही, चल.
विर्वेला हे ठाऊक नाही.
ती तिच्या भाषेत नाव देते: कोदू. म्हणजे घर.

आधी बरोबरच्या चिन्हाभोवती
शाळेत शिकवलेली ऐसपैस जागा सोडते.
शेल म्हणतं, कोदू अशी आज्ञा नाही.
ती हसते. जागा मिटवते.
इथे नाव आणि किंमत यांच्यात
श्वासही घ्यायचा नसतो.

मग तो फोल्डर, ज्याला हेल्दूरने
कधीतरी खुशीत नाव दिलं होतं: कडक हिवाळा.
त्या साली खाडीवरून एप्रिलातही
मोटारी बेटावर जात होत्या.
अवतरणचिन्हं विसरली, तर शेल त्याचे दोन करतं;
कडक शोधतं, सापडत नाही,
हिवाळा शोधतं,
तोही नाही.
चिन्हं लावली की दोन्ही शब्द
एका पांघरुणात येतात.

शेवटी पुसायची ओळ:
कोदूच्या खालचं जुनं सगळं काढून टाक.
हात आखडतो. ती ओळीच्या आधी एको लिहिते,
म्हणजे करू नकोस, नुसतं बोलून दाखव.
शेल बोलतं:
पुसतो, तिरकी रेघ.

एवढंच. पुढे काही नाही.
एकटी रेघ म्हणजे मूळ,
म्हणजे सतरा हिवाळे, खांब, जहाजांच्या वेळा,
ती स्वतः.

वर जाऊन बघते: कोउद.
दोन अक्षरांनी जागा बदलल्या आहेत.
नसलेल्या नावाने हाक मारली तर
शेल ओरडत नाही.
काही नाही, असं सभ्यपणे म्हणतं
आणि त्या काही-नाहीला रेघ जोडून
निघतं.

थर्मासमधली कॉफी गार.
आत्ता तिला कळतं, तो म्हातारा
चलाचं नाव काढलं की मान का हलवायचा.
हट्टी, म्हणायचे सगळे. तीही म्हणायची.
कोरलेला पत्ता चुकेल, जुना होईल,
पण रिकामा होत नाही.

अक्षरं जागेवर आणते.
सगळ्यात वर एक ओळ घालते:
अनोळखी नाव आलं तर थांब.
पुन्हा चालवून बघते, पुन्हा एको,
पूर्ण वाट छापून येते, पायरी पायरीने,
शेवटच्या फोल्डरापर्यंत.
एको काढते.

हेल्दूरची ओळ मात्र पुसवत नाही.
तिच्यापुढे ती फुलीफुलीची खूण करते.
अशी खूण असलेल्या ओळीपाशी
यंत्र थांबत नाही, वाचतही नाही.
माणसं वाचतात.

दोन दहाला स्क्रिप्ट उठते,
त्या घरावरून पुढे जाते.
खांब क्रमांक चार: एकेचाळीस सेंटिमीटर.
खांब क्रमांक पाच गप्प.
त्याच्या तारेचं काहीतरी असणार,
ते उद्या.