दोन मिनिटं एक्कावन्न

फॉर्मवर आधी गाण्याचं नाव, साल, लांबी.
लांबी : चार मिनिटं सहा सेकंद.
साल : माझ्या जन्माआधीचं,
जवळजवळ रॉयस्टनच्या वयाचं.
हडर्सफील्डच्या केंद्रात मंगळवारी दुपारी
कुरकुरणारा हीटर बंद करून मी गाणं लावते
आणि कानात तेल घालून ऐकते,
पगारासाठी.

सुरुवातीला नुसता पियानो.
घरात कुणी झोपलंय हे ठाऊक असल्यासारखी बोटं.
शेरा : चालेल.
पहिलं कडवं. बाई श्वास घेते तो ऐकू येतो
प्रत्येक ओळीआधी, ओला, माइकला चिकटून.
काहींना असा श्वास मानेवर जाणवतो.
रॉयस्टनला नाही, मी विचारलं.
त्याला चालत नाहीत कागदी पिशव्या,
चमच्यावर चमचा,
आणि "अरेरे" म्हणणारी माणसं.

एक छप्पन्नला व्हायोलिनं,
दुधावर साय धरते तशी. चालेल.

मग दोन एक्कावन्न.
त्याआधी अर्धा सेकंद काहीच नाही.
ही शांतता मी लाल पेनाने लिहिली,
कारण दगा तिच्यातच आहे.
आणि झांज, ड्रम, चाळीस गळे एकदम,
गाणं पांढरी चारवरून थेट काळी तीनवर.
मिरजेचे आमचे पेटीमास्तर म्हणाले असते,
पट्टी बदलायची तर आधी दार वाजवावं.
इथे दार तोडूनच येतात.

मीटरवर अकरा डेसिबलची उडी.
तेवीस वेळा ऐकलं.
बाराव्या वेळेपर्यंत त्या जागी मला भरून यायचं,
तेराव्यापासून फक्त आकडा.
हे लिहायला रकाना नाही.

तळाशी दोन चौकोन : योग्य, अयोग्य.
मी अयोग्यवर खूण केली, खाली कारणं,
आणि एक पर्याय जोडला,
झांज कापलेली प्रत,
इस्त्री फिरवल्यासारखी सपाट.

बहीण ग्लेनिस फोनवर म्हणाली,
आईचा ऐंशीवा वाढदिवस आहे, तिला हेच हवंय. अख्खं.
रॉयस्टनने कापलेली प्रत शेवटपर्यंत ऐकली,
हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली.
"यात आईचे हात नाहीत."

मला कळेना.
ग्लेनिसने सांगितलं :
लहानपणी स्वयंपाकघरात रेडिओवर हे लागलं
की आई, हात पिठाचे असोत की साबणाचे,
त्या अर्ध्या सेकंदात पोचायची
आणि त्याचे दोन्ही कान झाकायची.
म्हणजे गाण्याचा तो भाग
त्याने कधी धड ऐकलाच नव्हता.
पन्नास वर्षं त्या जागी त्याच्यासाठी
तळव्यांतली घूं होती
आणि नाकात साबण.

शनिवारी मेथडिस्ट हॉलमध्ये मी मागे उभी,
फ्रिजचा प्लग काढून, घड्याळावर डोळा.
आईचा उजवा हात मार्चपासून मांडीवर निजलेला.
एकच हात उरलाय
हे फॉर्म भरताना मला कुणी सांगितलं नव्हतं,
आणि मीही विचारलं नव्हतं.

दोन चाळीसला तो चाकाच्या खुर्चीपाशी
गुडघे टेकून बसला.
तिच्या मांडीत डोकं आडवं ठेवलं,
खालचा कान बरोबर त्या निजलेल्या तळव्यावर.
डावा हात वेळेआधीच निघाला होता,
थरथरत, केकचं क्रीम लागलेला,
आणि वरच्या कानावर पोचला.

झांज वाजली.
कुणी मामा टाळ्या वाजवायला लागले,
ग्लेनिसने असं पाहिलं
की दुसरी टाळी हवेतच राहिली.
रॉयस्टनचा एक बूट हलत होता.
तालात नाही.

सोमवारी फॉर्म परत काढला.
अयोग्यवरची खूण तशीच ठेवली,
गाणं अयोग्यच आहे.
समासात बारीक अक्षरात लिहिलं :
दोन तळहात लागतील.
एक निजलेला असला तरी
चालेल.