खांब क्रमांक चौदा

पहिल्या दारात म्हातारा हॉकीचा सामना बघत होता.
आवाज कमी न करता म्हणाला, बोल.
मी म्हटलं, मांसाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर
चौदा नंबरच्या खांबाचा दिवा तीन हिवाळे बंद आहे.
म्हणाला, ते ठीक, पण तू शरिया आणणार का?
मी म्हटलं, आधी बल्ब आणते.

दुसऱ्या दारात फक्त कुत्रा.
तिसऱ्या दारात माझ्या वर्गातली टेसा,
कडेवर बाळ. अगं तू! म्हणाली,
आणि मग बराच वेळ
माझ्या डोक्यावरच्या रुमालाशीच बोलत राहिली.

मशिदीत, म्हणजे जुन्या टायरच्या दुकानात,
जिथे हीटर लावला की अजून रबराचा वास सुटतो,
अबशिरमामा बोटांवर हिशोब मांडून बसले होते.
एवढे आपले. एवढे आपले पण रुसलेले.
लेबनॉनवाले अर्धे. सुदानवाले विचारून सांगतील.
मामा, आणि खांब?
खांबाला कोण मत देतं, पोरी.
मागून एक पोरगा, नुकती दाढी फुटलेला,
म्हणाला, मत देणंच पाप.
माणसांनी केलेल्या कायद्यापुढे मान तुकवायची?
त्याच्या खिशातून माणसांनी केलेल्या कायद्याचं
कोरं करकरीत लायसन डोकावत होतं.
मी गप्प राहिले. सोळाची मीही होते कधी.

आई पहाटे साडेचारला त्या रस्त्याने जायची,
सुऱ्यांची पेटी पाठीला.
चौदाखाली बर्फावर घसरली. खुबा मोडला.
नगरपालिकेचं पत्र आलं : तक्रार नोंदवली आहे.
ते तिने छावणीतल्या रेशनकार्डाशेजारी ठेवलंय.
तिच्या लेखी दोन्ही एकच :
कुणीतरी आपलं नाव लिहून घेतलं.

जाहीर सभेत उमेदवाराला दोन मिनिटं.
मला एक प्रश्न आला दूरच्या लढाईबद्दल,
एक नवऱ्याच्या परवानगीबद्दल.
(नवरा मागच्या रांगेत, खुर्च्यांखाली
मुलीचा एक बूट शोधत होता.)
कोवालचुकला गटारांबद्दल विचारलं.
मला त्याचा हेवा वाटला,
इतका, की त्या रात्री स्वप्नातही
मी उभी राहून, घसा खाकरून,
गटारांवर बोलत होते
आणि लोक ऐकत होते.

मतदानाच्या सोमवारी कारखान्याने ओव्हरटाइम लावला.
साखळी थांबत नाही.
रात्री आठला सातशे माणसं बूट धुऊन बाहेर पडली
तेव्हा शाळेच्या जिममध्ये
पेट्यांना सील लागत होतं.
गुलेद, माझा भाऊ, एप्रनसकट धावत आला.
दार काचेचं. आतली बाई मनापासून हळहळली,
पण घड्याळाकडे बोट दाखवत राहिली.
मी आत होते, बास्केटबॉलच्या रेघेवर.
भावाने काचेला तळहात लावला.
काचेवर वाफेचा पंजा उमटला,
आणि मी बघता बघता विरला.

एकोणीस मतांनी.

मामा म्हणाले, आपल्याच माणसांनी दगा दिला.
पोरगा म्हणाला, सांगितलं होतं.
कोवालचुकने फोन केला, चांगलं बोलला,
शेवटी म्हणाला, तुमच्या समाजाचे आभार.
मी विचारणार होते, कुठल्या?
चौदा नंबरखालून जाणाऱ्यांच्या?

मग फ्रीसनबाई आल्या, वय शहाऐंशी,
दारातच उभ्या, बूट न काढता.
आधीच सांगते, म्हणाल्या, मी तुला मत दिलेलं नाही.
आमच्या घरात चाळीस वर्षं कोवालचुकच.
पण माझा कुत्रा त्याच खांबाखाली मेला.
ट्रकवाल्याला दिसलाच नाही.
पुढच्या मंगळवारी बैठक आहे.
साध्या नागरिकाला पाच मिनिटं देतात.
गाडी मी काढते.

पाच!

आईने पत्र काढून दिलं. घडीवर फाटलंय.
म्हणाली, दाखव त्यांना.
आणि परत आण.