पत्ता तोच

व्हर्नेल पेटिफर्ड टपालानं आलेलं नवं कार्ड
चष्म्याजवळ नेते, लांब धरते,
मग बिस्किटांच्या डब्यात टाकते, जुन्या चारांवर.
बारा. एक. पुन्हा बारा. चार.
आता तेरा.
पत्ता तोच: गिरणीमागचा रस्ता, घर सातशे अकरा,
पायरीला तोच तडा.

मी निवडणूक कचेरीत असतो, कार्डं मीच छापतो.
ती दर वेळी फोन करते, मोठ्यानं बोलते:
"पोरा, मी झोपेत चालते का रे?
रात्री घर उचलून कुठं नेऊन ठेवते?"
मी म्हणतो, नाही बाई, रेघ चालते.

रेघेला पाय कुणी दिले
ते मला ठाऊक आहे, फोनवर सांगता येत नाही.
राजधानीत, पडदे ओढलेल्या खोलीत,
कॉफी गार होईस्तोवर माणसं बसतात
आणि बांध कोरतात,
दर दहा वर्षांनी, शेजाऱ्याचा कोरावा तसा;
कधी मधेच, कोर्टानं कान पिळला म्हणून.
पूर्वी नदी होती हद्द. नदीला लाज होती,
पूर ओसरला की आपल्या पात्रात परतायची.
ही रेघ हायवे धरून पन्नास मैल जाते
हायवेइतकीच रुंद,
कॉलेजचं वसतिगृह मधोमध चिरते,
एका गल्लीत जिभेसारखी शिरून
तीन घरं चाटून माघारी येते.

यंदा तिनं चर्च आणि दफनभूमी वेगळी केली.
चर्च तेरात, कबरी चारात.
लॉनी पेटिफर्ड, शाळेच्या बसचा ड्रायव्हर,
एकोणीस वर्षं जागचा न हललेला,
रेघेपलीकडे.

व्हर्नेलनं कचेरीत येऊन, भिंग मागून घेऊन
नकाशात हे स्वतः पाहिलं.
हसली. "जिवंतपणी कधी सोडून गेला नाही मेला,
आता गेला बघ."
मग बराच वेळ त्या जागेवर बोट ठेवून उभी राहिली,
शाई ओली असली तर पुसेल म्हणून असेल.

नोव्हेंबरात पहाटेच रांगेत होती,
घडीची खुर्ची, रुमालात दोन सफरचंदं.
उमेदवाराचं गाव दूर, समुद्राकाठी,
तिच्या रस्त्याचं नाव त्याला माहीत असायचं कारण नाही.
संध्याकाळी फोन आला:
"गोल नीट भरला हो,
रेघेबाहेर शाईचा ठिपका जाऊ दिला नाही.
कुणीतरी पाळायला नको का?"